कोपऱ्यातली चौकट: तालुक्याच्या कॉलेजातलं एक निलंबन

हे प्रकरण पश्चिम विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावचं. कॉलेज अनुदानित, कला-वाणिज्य-विज्ञान. मुलं पंचवीस-तीस किलोमीटरच्या आतली: कापूस-सोयाबीनवाल्यांची, तांड्यांवरची, कोलाम आदिवासींच्या पोडांवरची, म्हणजे वस्त्यांवरची. मी इथल्याच कोर्टात वकिली करतो आणि निलंबित झालेल्या तिघांचे कागद मी केले. कॉलेजचं किंवा कुणाचंच नाव लिहीत नाही, कारण मुलं अजून शिकताहेत आणि त्यातल्या दोघांना पोलीस भरतीला उतरायचं आहे. असली प्रकरणं बहुतेक वेळा माफीनाम्यावर सही होऊन तिथल्या तिथे मिटतात, बाहेर कुणाला कळतही नाही. हे मिटलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

९ ऑगस्टला क्रांतिदिन असतो, आणि जागतिक आदिवासी दिनही. राज्यशास्त्र विभागाच्या मुलांनी लायब्ररीबाहेरच्या फळ्यावर भित्तीपत्रक लावलं. विषय होता १९३० चा जंगल सत्याग्रह. लोकनायक बापूजी अणे, पुसद, राखीव जंगलातलं गवत कापून केलेला कायदेभंग. सगळं आपल्याच जिल्ह्यातलं, म्हणून मुलांनी हौसेने केलं होतं: ड्रॉइंग शीट, स्केचपेन, सायबर कॅफेतून काढलेले काळपट फोटो. उजव्या कोपऱ्यात खाली एक वीतभर चौकट होती, बी.ए. भाग दोनच्या एका मुलीच्या अक्षरात. ‘प्रवेशाच्या वेळी ५०० रुपये विकास निधी घेतला. पावती मिळाली नाही. हा निधी कशासाठी आहे? शिष्यवृत्तीवाल्या विद्यार्थ्यांकडूनही का घेतला?’

बस. कुणाचं नाव नाही, कुणी पैसे खाल्ल्याचा आरोप नाही.

मधल्या सुट्टीच्या आधी शिपायाने शीट काढून नेलं. अण्यांसकट. मुलांनी ऑफिसात विचारलं तर बाबू म्हणाले, प्रिन्सिपल सरांना विचारा. प्रिन्सिपल सर मीटिंगमध्ये. दोन दिवसांनी चाळीसेक मुलं-मुली कॉलेजच्या पायऱ्यांवर येऊन बसली. तास बंद पाडले का, हा पुढे मोठा वादाचा मुद्दा झाला, म्हणून नेमकं सांगतो. मधल्या सुट्टीत बसली, सुट्टी संपल्यावरही थोडा वेळ बसून राहिली, घोषणा दिल्या, आणि एका मॅडमनी समजावल्यावर उठून वर्गात गेली. दार अडवलं नाही, काही फुटलं नाही.

त्याच रात्री एका मुलाने व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवलं. पोळा तोंडावर आला होता, तेव्हा त्याने तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याच्या, सजवलेल्या लाकडी नंदीला प्रिन्सिपल सरांचा चेहरा चिकटवला आणि खाली लिहिलं, ‘अध्यक्ष म्हणतील तशी मान हलते.’ चित्र गावभर फिरलं. फिरता फिरता कुणीतरी कॅशिअर बाबूंच्या जातीवरून एक ओळ त्याला जोडली, आणि ती जोडलेली आवृत्ती याच पोराने परत पुढे पाठवली. या दोन गोष्टी मी शेवटपर्यंत वेगळ्या ठेवल्या. नंदीबैलाची थट्टा बोचरी आहे, पण थट्टाच आहे. खुर्चीवरच्या माणसाने ती सोसायची असते. जातीवरची ओळ कुठल्याच स्वातंत्र्यात बसत नाही. पोराला मी पहिल्याच दिवशी सांगितलं, चित्राबद्दल माफी मागू नको, पण बाबूंच्या घरी जा आणि त्या ओळीबद्दल माग. तो गेला. बाबूंनी चहा पाजला म्हणे.

१५ ऑगस्टच्या झेंडावंदनाला संस्थेचे अध्यक्ष येणार होते. १३ तारखेला निलंबनाचे तीन आदेश निघाले. कारण: ‘संस्थेची प्रतिमा मलिन करणे, विद्यार्थ्यांना चिथावणी देणे व शिस्तभंग.’ मुदत: ‘पुढील आदेशापर्यंत.’ आधी कारणे दाखवा नोटीस नाही, चौकशी नाही, मुलांना बोलावून एक शब्द विचारलेला नाही. तिघं कोण? चौकट लिहिणारी मुलगी, नंदीवाला मुलगा, आणि पायऱ्यांवर सगळ्यात जास्त बोलणारा तांड्यावरचा एक पोरगा. चाळिसांत एका माजी सभापतींचा पुतण्याही होता, घोषणा त्यानेच सुरू केल्या होत्या. त्याचं नाव कुठे नव्हतं.

मुलीचे वडील माझ्याकडे आले ते कॉलेजने दिलेला छापील माफीनामा घेऊन. दोन एकर कोरडवाहू, शिवाय मजुरी. बाकावर टेकून बसले, कागद घडी करून खिशात, तो काढून हातात दिला.

“वकीलसाहेब, ह्याच्यावर अंगठा दे म्हंतात. पोरगी म्हंते, बाबा, देऊ नका.”

“तुम्हाला काय वाटतं?”

“मले काय समजते जी? पोरगी चुकली असन तं मी सोता हात जोडतो सरापुढं. पण तिनं इचारलंच काय? पावतीच इचारली न? किराण्याच्या दुकानात इचारतो आपुन.”

माफीनाम्यात लिहिलं होतं: ‘माझ्या पाल्याने समाजकंटकांच्या दिशाभुलीला बळी पडून गैरकृत्य केले असून यापुढे ती कोणत्याही आंदोलनात, सभेत किंवा लिखाणात सहभागी होणार नाही, तसे झाल्यास टी.सी. देऊन काढून टाकण्यास माझी हरकत राहणार नाही.’ घटनेच्या कलम १९ ने भाषणाचं आणि शांततेने जमण्याचं जे स्वातंत्र्य दिलं, ते एका बापाच्या अंगठ्यावर पदवी पूर्ण होईपर्यंत गहाण टाकायचा हा कागद. मी म्हटलं, हा इथे ठेवून जा, याची झेरॉक्स आपल्याला लागणार आहे.

खेड्यातल्या कॉलेजात मुलांचं तोंड कसं बंद होतं, ते इथे जरा थांबून सांगायला हवं, कारण महानगरातल्या विद्यापीठांवरचे लेख वाचून ते कळत नाही. तिथे पोलिसांच्या गाड्या येतात, कॅमेरे येतात, रात्रीत देशभर बातमी होते. इकडे साधी लाठीही उगारावी लागत नाही. पोरांच्या सगळ्या नाड्या ऑफिसच्या एका खिडकीत असतात. एस.टी.च्या मासिक पासात विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत आहे, पण त्या अर्जावर कॉलेजचा शिक्का लागतो. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी पोर्टलवर, भरला तरी तो कॉलेजच्या लॉगिनमधून पुढे सरकावा लागतो. इंटर्नलचे मार्क, बोनाफाईड, हॉलतिकीट, शेवटी टी.सी. यातलं काही नाकारायची गरजच नसते. “सर रजेवर आहेत, सोमवारी या,” एवढं पुरतं. असे तीन सोमवार गेले की तांड्यावरच्या पोराचा महिना पूर्ण तिकिटात जातो आणि घरचे म्हणतात, नको बाबा ते कॉलेज, चाल कापूस वेचाले.

त्यातून पोलीस भरती. आमच्या भागात सकाळी पाचला रस्त्याने धावणारी पोरं कुठल्याही गावात दिसतील. चारित्र्य पडताळणी ही त्यांची सगळ्यात मोठी धास्ती. तिघांना पोलीस ठाण्यातून नोटीस आली, तेव्हा तांड्यावरच्या पोराच्या आईने दोन दिवस चूल पेटवली नाही. सगळ्यांचा समज एकच, केस झाली. ती नोटीस होती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची. जुन्या संहितेत हेच १४९ होतं. १ जुलै २०२४ पासून आकडा बदलला, पण ठाण्यात आणि गावात अजून ‘एकशे एकोणपन्नासची नोटीस’ असंच म्हणतात. दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून पोलीस आधीच हस्तक्षेप करू शकतात, असं हे प्रतिबंधक कलम. नोटीस मिळणं म्हणजे गुन्हा दाखल होणं नव्हे, आरोपी होणं तर नव्हेच. मी तिघांना घेऊन ठाण्यात गेलो, नोटिशीची प्रत सही करून घेतली, आणि ‘आम्ही शांततेने प्रश्न विचारला, कायदा मोडण्याचा हेतू नाही व नव्हता’ असं दोन ओळींचं उत्तर आवकला देऊन आलो. ठाणेदार सभ्य होते. त्यांनाही १५ ऑगस्ट शांततेत पार पडायला हवा होता, एवढंच.

मग कॉलेज. पत्रकार परिषद घेऊ, आमदारांकडे जाऊ, उपोषणाला बसू, असे सल्ले देणारे बरेच आले. मी कुणालाच अडवलं नाही. पण निलंबनाला उत्तर कागदाने द्यावं लागतं. पहिला अर्ज अर्ध्या पानाचा होता. आदेश कोणत्या नियमाखाली काढला तो नियम द्या. तक्रार कुणाची, तिची प्रत द्या. चौकशी समिती नेमली असल्यास सदस्यांची नावं द्या. आम्हाला बाजू मांडायची संधी केव्हा देणार ते कळवा. आवकचे बाबू घेईनात. “वरून सांगितलं आहे.” तेव्हा पोस्टाने पाठवला, पोचपावतीसह, आणि कॉलेजच्या ईमेलवर. ही बारीक गोष्ट वाटेल, पण पुढे समितीपुढे ‘विद्यार्थ्यांनी कधी अर्जच केला नाही’ असं म्हटलं गेलं तेव्हा ती गुलाबी पोचपावती टेबलावर ठेवली.

नियम म्हणून कॉलेजने प्रॉस्पेक्टसचं शेवटचं पान दाखवलं: ‘महाविद्यालयाची बदनामी होईल असे वर्तन करू नये.’ आता कायदा काय म्हणतो? कलम १९(२) मध्ये अभिव्यक्तीवर निर्बंध घालायची कारणं मोजून दिली आहेत: देशाची सार्वभौमता व एकात्मता, सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीती, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी, गुन्ह्याला चिथावणी. संस्थेची प्रतिमा त्या यादीत नाही. अब्रुनुकसानी आहे, पण ‘पावती का नाही’ या प्रश्नात कुणाची अब्रू गेली, हे सांगायला आधी कुणीतरी पुढे यावं लागतं. शिवाय निर्बंध कायद्याने घालावा लागतो. केरळात राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहणारी, पण धर्मश्रद्धेमुळे न गाणारी तीन भावंडं शाळेतून काढली गेली होती. १९८६ मध्ये, बिजो इमॅन्युएल खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं आणि सांगितलं की खात्याच्या नुसत्या परिपत्रकाने हा मूलभूत हक्क कापता येत नाही. खात्याच्या परिपत्रकाची ही गत, तर प्रॉस्पेक्टसच्या शेवटच्या पानाची काय कथा!

चिथावणीच्या आरोपाला उत्तर २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात होतं. चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी या तीन पायऱ्या त्यात वेगळ्या केल्या आहेत. पहिल्या दोन कितीही झोंबल्या तरी निर्बंध येतो तो तिसरीवर. त्या खटल्याचं मूळही महाराष्ट्रातलंच, पालघरच्या दोन मुलींच्या फेसबुक पोस्टवरून झालेली २०१२ ची अटक. पण समितीला सगळ्यात चटकन पटला तो ताजा दाखला. मे २०२५ मध्ये पुण्यातल्या १९ वर्षांच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थिनीला समाजमाध्यमावरच्या पोस्टवरून अटक झाली आणि कॉलेजने बाजू न ऐकताच काढून टाकलं. मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला आणि कॉलेजच्या आदेशालाही स्थगिती दिली. तिथे पोस्ट भारत-पाकिस्तान संघर्षाबद्दलची होती. इथे ५०० रुपयांची.

आणि घरचं उदाहरण म्हणजे वर्धा. ऑक्टोबर २०१९ मध्ये तिथल्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाने पंतप्रधानांना पत्रं लिहिण्याच्या कार्यक्रमावरून सहा विद्यार्थी काढून टाकले, निवडणुकीच्या आचारसंहितेचं कारण दाखवून. काही दिवसांतच आदेश मागे घ्यावा लागला आणि मागे घेताना नैसर्गिक न्यायाचाच आधार द्यावा लागला. जमलेले बरेच असताना दलित आणि ओबीसी मुलंच निवडून काढली, असं त्या विद्यार्थ्यांचं म्हणणं होतं. सभापतींच्या पुतण्याची गोष्ट मला म्हणूनच नवी वाटली नाही.

यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. अध्यक्ष प्राध्यापक, चार सदस्य प्राध्यापक किंवा ज्येष्ठ शिक्षक, आणि एक विद्यार्थी प्रतिनिधी विशेष निमंत्रित. तक्रार आल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल. समाधान झालं नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील. आम्ही तक्रार दिली तेव्हा कळलं की समिती आहे, नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फाईलमध्ये. अध्यक्ष म्हणून ज्यांचं नाव होतं त्या सरांना आपण अध्यक्ष आहोत हे माझ्याच पत्राने समजलं. विद्यार्थी प्रतिनिधी मागच्या वर्षीच पास होऊन गेला होता.

विद्यार्थ्यांचा निवडून आलेला माणूस त्या टेबलावर नसणं ही काही या एका कॉलेजची कथा नाही. १९९४ च्या कायद्याने महाराष्ट्रात विद्यार्थी परिषदेच्या थेट निवडणुका गेल्या. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने त्या परत आणायची तरतूद केली, २०१९ मध्ये हालचालही झाली, मग विधानसभा निवडणूक आडवी आली, मग कोरोना. या कॉलेजात आजच्या मुलांनी मतपेटी पाहिलेली नाही. मग प्रश्न विचारायला उरतं काय? पायऱ्या आणि भिंत.

समितीची बैठक चौदाव्या दिवशी, प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये झाली, मागे बरण्यांत बेडूक. मला आत बसू दिलं नाही. वकील नको म्हणाले. मी वाद घातला नाही, मुलीला आदल्या दिवशी एवढंच सांगितलं होतं की विचारतील तेवढंच बोल आणि शेवटी तुझा प्रश्न परत विचार. अध्यक्ष सरांनी विचारलं, “बाळा, तू आधी ऑफिसात का नाही विचारलंस?” ती म्हणाली, “विचारलं सर. प्रवेशाच्या दिवशी विचारलं, जुलैमध्ये दोनदा विचारलं. बाबूसाहेब म्हणाले, पाचशेची पावती कुठं असते का?” कॅशिअर बाबू समोरच होते. त्यांनी नाही म्हटलं नाही. मला वाटतं, प्रकरण तिथेच फिरलं, आणि तो माफीचा चहा त्यात कामी आला असावा.

दरम्यान माहिती अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून एक अर्ज गेला होता. विकास निधी कोणत्या मंजुरीने, किती विद्यार्थ्यांकडून घेतला, कोणत्या खात्यात जमा झाला. १९८७ चा कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा मंजूर दरापेक्षा जास्तीच्या कुठल्याही रकमेला, नाव काहीही द्या, कॅपिटेशन फीच म्हणतो. संस्थेच्या वकिलांना हे सांगावं लागलं नाही. तीस दिवसांची मुदत भरायच्या आत तिन्ही निलंबनं ‘विद्यार्थ्यांचे शैक्षणिक नुकसान लक्षात घेऊन सहानुभूतीपूर्वक’ मागे घेतली गेली. सहानुभूती हा शब्द मुलांना झोंबला. आदेश चुकीचा होता असं लिहून मागा, असा तांड्यावरच्या पोराचा हट्ट होता, आणि तत्त्वाने तो बरोबर होता. मी त्याला लोकपालाकडे जायचं का विचारलं. त्याने दोन दिवस विचार केला आणि म्हणाला, आधी सेमिस्टर पार पडू द्या. पुढे गेलो नाही. निधी पुढच्या प्रवेशापासून बंद झाल्याचं सांगतात. घेतलेले ५०० कुणालाही परत मिळालेले नाहीत.

डिसेंबरात याला एक शेपूट फुटलं. कॉलेजात एका वक्त्याचं व्याख्यान ठरलं, ज्याची आरक्षणाबद्दलची मतं या मुलांना, आणि खरं सांगायचं तर मलाही, चीड आणणारी होती. तीच मुलगी, तोच पोरगा माझ्याकडे आले: “सर, कार्यक्रम रद्द करा असं निवेदन लिहून द्या.” मी नाही म्हटलं. ऑगस्टमध्ये आपण ज्या कलमावर उभे होतो, त्यावर तो माणूसही उभा राहू शकतो. निवेदन लिहिलं, पण वेगळं: व्याख्यानानंतर अर्धा तास प्रश्नांसाठी ठेवावा आणि प्रश्न आधी चिठ्ठीवर मागू नयेत. मुलगी तयार झाली. पोरगा रागावला. “ते बोलले तर आमच्या जगण्यावर बोलतात, आम्ही बोललो ते पावतीवर. हे सारखं कसं?” सारखं नाही, हे मला मान्य आहे. तरी कुणी बोलावं हे ठरवायची चावी एकदा प्रिन्सिपलच्या हातात दिली की ती पहिल्यांदा कुणावर फिरते, ते या पोराने स्वतः भोगलं होतं. तो अजून माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलतो. व्याख्यानात मात्र पहिला प्रश्न त्यानेच विचारला, आणि चांगला विचारला.

भित्तीपत्रकाच्या फळ्याला आता काच आणि कुलूप आहे. चावी लायब्ररीत. मुलांनी मागितलेला नियम कॉलेजने अर्धा मान्य केला: शीट काढायचं असल्यास कारण लेखी द्यायचं. लावण्याआधी दाखवायचं की नाही, यावर अजून घोळ चालू आहे.

यात ज्यांना वाचवता आलं नाही, ते भित्तीपत्रकाचे प्रभारी सर. ते तासिका तत्त्वावर, सीएचबी. प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा पास झालेले, घर भाड्याचं, पगार तासावर आणि तोही महिनोनमहिने उशिरा. शीट लावायच्या आधी त्यांनी ती चौकट वाचली होती आणि राहू दिली होती. त्यांना निलंबित करावंच लागलं नाही. दुसऱ्या सत्रात विभागाचा वर्कलोड कमी दाखवला आणि त्यांचे तास गेले. विद्यार्थ्याला समिती आहे, लोकपाल आहे; ज्याची नेमणूकच सत्रापुरती, त्याने कोणत्या आदेशाला आव्हान द्यायचं? आदेशच निघालेला नाही. मुलांनी त्यांच्यासाठी सह्या गोळा केल्या, या वेळी सव्वादोनशे, सभापतींच्या पुतण्यासकट. तो अर्ज कॉलेजने आवकला घेतला, पोचही दिली. उत्तर नाही. सर सध्या शेजारच्या तालुक्यात एका अभ्यासिकेत भरतीच्या पोरांना राज्यघटना शिकवतात, आणि जूनमध्ये सीएचबीची जाहिरात निघाली की याच कॉलेजात पुन्हा अर्ज करणार आहेत.